मजकूर समजला

रुवीच्या टायपिंग सेंटरात व्हिसाचा अर्ज भरताना
शम्नादने विचारलं, "ड्रायव्हर म्हणालात ना? हेवी की लाइट?"
म्हटलं, गाडीचा नाही, कार्डाचा. आणि चालवत नाही, लिहिते.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे,
आणि 'इंजिनिअर, इतर'वर टिचकी मारली.

अण्णा हेवी होते.
सलालाहून थुमरैत, घाट चढून, पाण्याचा टँकर, अकरा वर्षं.

माझी गाडी वीतभर. हिरवी पाटी, काळा पंखा,
पोटात गुणाकाराच्या हजारो चक्क्या.
दळायला लागल्या की रॅक गरम होतो,
पण लागा, हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं,
आणि सांगायची भाषा एकशे बारा पानांच्या पीडीएफमध्ये,
निम्म्या रकान्यांत एकच शब्द : राखीव.
(सातव्या बिटाला मी हात लावला होता. अख्खं मशीन गोठलं.
मार्चमधली गोष्ट. तय्यबा अजून चारचौघांत सांगते.)

बाहेर सत्तेचाळीस, आत अठरा.
भर जूनमध्ये शाल पांघरून मी एका कार्डाची मनधरणी करते.

नऊदा उठतं. दहाव्यांदा नाही.
नाही म्हणजे, हाक मारावी तर पलीकडून
एक एक एक एक, बत्तीस वेळा एक.
शून्य आलं असतं तरी चाललं असतं,
शून्य म्हणायला तरी आत कुणी लागतं.
सगळेच एक म्हणजे घरात माणूस नाही,
बोलतेय ती भिंत.

रिसेटच्या रजिस्टरात लिहायचं,
दहा मिलिसेकंद थांबायचं,
मग बोलायचं.
पुस्तकात एवढंच. मी तेवढंच करत होते.
दहाचे वीस केले. वीसचे पन्नास.
दुखणं दहातून एकदाचं शंभरातून एकदा झालं.
कमी होतं आणि जात नाही, ते वाईट.

गुरुवारी रात्री अण्णांचा फोन, हर्णैहून.
"उठलं का गं तुझं?"
सांगितलं, जमेल तसं. लिहिते, थांबते, तरी उत्तर नाही.
"थांबतेस ते कधीपासून?"
लिहिल्यापासून.
अण्णा हसले. "मीही पत्र टाकल्याच्या तारखेपासून मोजायचो.
तुझी आई मला कायम उशिराच वाटायची.
नंतर कळलं, आमची पत्रं कंपनीच्या पेटीत
आठवडा आठवडा पडून असायची.
मग मी आधी तिच्या पत्राची पहिली ओळ बघायचो,
पत्र मिळाले, मजकूर समजला,
आणि तिथून पुढे दिवस धरायचो."

मी फोन ठेवला नाही, नुसताच टेबलावर पालथा घातला.
लिहिलेलं वाटेतल्या ब्रिजवर रेंगाळत होतं,
आणि माझं घड्याळ इकडे पळायला लागलेलं.

एक ओळ घातली.
लिहून झालं की त्याच दारातून काहीतरी वाचायचं.
काय आलं ते टाकून द्यायचं,
आलं एवढंच पुरे,
मागचं पोचल्याशिवाय ते येऊच शकत नाही.
घड्याळ त्यानंतर.
त्या ओळीवर टीप लिहिली, देवनागरीत.

"हे काय?" तय्यबाने तपासताना विचारलं.
पोचपावती.
"राहू दे. खाली इंग्रजीतही लिही."

चार हजार वेळा बंद केलं, चार हजार वेळा उठलं.
रविवारी मत्रहच्या मासळीलिलावातला पहिला फोटो आत सोडला.
चक्क्या फिरल्या. पडद्यावर अरबीत आलं :
कनअद, एक्क्याण्णव टक्के.
मी म्हटलं, सुरमई.
खोलीत कुणी नव्हतं, तरी मोठ्याने म्हटलं.

तोच फोटो अण्णांना पाठवलाय.
हर्णैत वीज गेली असेल, किंवा ते बंदरावर.
एकच खूण दिसतेय, राखाडी.
मी अजून मोजायला लागलेली नाही.